सृष्टीसाठीचा महिना: झाडं लावायची की ऊसतोड मजुरांसाठी काही करायचं?

पंचगंगाकाठ:
१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर, म्हणजे असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या सणापर्यंत, सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ. धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) युवक मंडळात दोन मतं आहेत. निम्म्यांना वृक्षारोपण हवंय, निम्मे म्हणतात आधी ऊसतोड मजूर. चर्चची शिकवण कुठल्या बाजूची?

घंटानाद:
मुळात या दोन बाजूच नाहीत. पोप फ्रान्सिस यांचं २०१५ चं विश्वपत्र, म्हणजे पोपनी साऱ्या चर्चला लिहिलेलं शिकवणीचं पत्र, 'लाउदातो सी' उघडा. परिच्छेद ४९ पृथ्वीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगतो. १३९ म्हणतो, निसर्गाचं आणि समाजाचं संकट वेगळं नाही, एकच आहे. मजुरीचा मुद्दा तर आणखी जुना. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये 'रेरुम नोव्हारुम' या विश्वपत्रात लिहिलंय की मजुरानं गरजेपोटी वाईट अटी कबूल केल्या, तरी तो त्याच्यावर झालेला अन्यायच. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन आलेल्या कोयत्याला, म्हणजे ऊसतोड जोडप्याला, हे तंतोतंत लागू पडतं.

काळीमाती:
सप्टेंबरात रोपं लावू नका. पाऊस ओसरतो आणि पुढं जूनपर्यंत पाणी कोण घालणार? म्हणूनच असली झाडं मार्चपर्यंत वाळतात. २ फूट लांब-रुंद-खोल खड्डे मे महिन्यात काढून तापू द्या, जूनच्या शेवटी करंज, जांभूळ, उंबर लावा. मोजकीच लावा, पण प्रत्येक रोपाला एक घर नेमून द्या.

कोपीवरून:
मजूरही सप्टेंबरात इथं नसतात, टोळ्या साधारण दिवाळीच्या आगेमागे येतात. तोवर तयारी करा. सगळ्यात उपयोगाचं काम रेशनचं. बीडचं कार्ड कोल्हापुरात चालतं, पण आधार जोडलेलं लागतं. अडतं ते अंगठ्यावर: ऊस तोडून बोटांच्या रेषा झिजतात, मशीन ठसा घेत नाही. म्हणून दुकानात जाताना कार्डावर नाव असलेली घरातली दुसरी माणसंही सोबत न्या. आणि महिन्याचं सगळं धान्य इथंच उचलू नका, गावाकडं थांबलेल्या म्हाताऱ्यांचा वाटा त्याच कार्डावर असतो.

पंचगंगाकाठ:
मग सप्टेंबरात नदीतलं केंदाळ (जलपर्णी) काढू का?

काळीमाती:
काढा, पण काठावर ढीग ठेवू नका. पाणी चढलं की परत नदीत जातं आणि तुटक्या तुकड्यालाही नवी फूट येते. ते पुराच्या रेषेच्या वर न्या. खत केलंत तर फुलझाडांनाच घाला, भाजीला नको, कारण कारखान्यांच्या सांडपाण्यातले जड धातू ते शोषून घेतं. मूळ कारण नाल्यातून येणारं मैलापाणी, त्यातल्या नत्र-स्फुरदावर ते पोसतं. तेव्हा त्याच दिवशी नाला नदीला मिळतो तिथले तारीख-वेळेसह फोटो काढा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं लेखी तक्रार द्या. पोच घ्यायला विसरू नका.

घंटानाद:
तक्रारीवर नदीकाठच्या वस्तीतल्या लोकांच्याही सह्या घ्या. 'लाउदातो सी'चा परिच्छेद ३० पिण्यायोग्य पाण्याला मूलभूत मानवी हक्क म्हणतो, तो त्यांचा आधी आहे.