'रिपब्लिक'ला प्रजासत्ताक म्हणावं की नाही?

खडूफळा : एका शालेय पुरवणीसाठी अमेरिकेच्या घटनेवरचा लेख मराठीत करतोय. त्यात ती घटना घडवणाऱ्यांपैकी एक, जेम्स मॅडिसन येतो. घटनेच्या बाजूने लिहिलेल्या 'फेडरलिस्ट' या लेखमालेच्या दहाव्या लेखात (१७८७) तो दोन गोष्टी वेगळ्या काढतो. थोड्या नागरिकांनी स्वतः जमून कारभार हाकायचा ती 'प्युअर डेमॉक्रसी', निवडून दिलेल्यांवर सोपवायचा ते 'रिपब्लिक'. मी लिहिलं, "त्याला लोकशाही नको होती, प्रजासत्ताक हवं होतं." संपादकबाईंचा लाल शेरा : "दोन्ही एकच. वाक्य काढा." काय करू?

आजोळ : बाईंचं फारसं चूक नाही. प्रजासत्ताक म्हटलं की आपल्याला २६ जानेवारी आणि जिलेबी आठवते. फार तर इतकं की गादीवर राजा नाही. ब्रिटनमध्ये लोकशाही आहे, प्रजासत्ताक नाही, हे आपल्याला कळतं. मॅडिसनचा फरक निराळा, प्रतिनिधी असण्या-नसण्याचा. 'प्रत्यक्ष' आणि 'प्रातिनिधिक लोकशाही' लिहा नि मोकळे व्हा.

खडूफळा : मग तो जो शब्द नाकारतोय तोच त्याच्या तोंडी घातल्यासारखं होतं ना!

निरुक्त_नाना : मुळात प्रजासत्ताक हा शब्दच बाद. राजा नाही तर प्रजा कोणाची? घटनेच्या मराठी उद्देशिकेत 'लोकशाही गणराज्य' आहे, ते घ्या. गणराज्यं वैशालीच्या लिच्छवींपासूनची. आणि लोकशाहीतली 'शाही' फारसी, म्हणजे तिथेही शहाच बसलाय.

रस्सा_वाटी : नाना, प्रजा म्हणजे लेकरंबाळंसुद्धा. नोकरशाही, झुंडशाही यांत कुठला शहा आहे? रुळलेल्या शब्दाचा जन्मदाखला कोण मागतं?

निरुक्त_नाना : मग उद्या 'रिपब्लिक'च लिहा.

दादर_स्लो : का नको? १९५७ पासून लोक 'रिपब्लिकन पक्ष'च म्हणताहेत, कुणाचं अडलं नाही. बाकी 'गण' हवाच असेल तर बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं घटना समितीतलं भाषण वाचा. भिक्षुसंघात ठराव, गणपूर्ती, मतदान यांचे नियम होते, असं ते सांगतात. ग्रामसभा 'गणपूर्तीअभावी तहकूब' होते ना, तोच गण. (आमच्याकडे सगळे कोरमच म्हणतात ते सोडा.)

मांडवीपल्याड : प्रत्यक्ष लोकशाही बघायची तर आमच्या गोव्यात या. १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. आमचे आजोबा फुलवाले, आजी पानांची. निकालानंतर आठवडाभर अबोला. कायद्यातलं नाव ओपिनियन पोल, पुस्तकात सार्वमत, घरात मात्र 'जनमत कौल'. देवाला लावतात तो कौल.

निरुक्त_नाना : कौल अरबी. वचन, करार. कौलनामा आठवा.

मांडवीपल्याड : नाना, मूर्तीला पाकळ्या लावतात, उजवी पडली की होकार. त्यात करार कुठे आला?

रस्सा_वाटी : देवाने दिलेलं वचनच की ते!

उंबरठा : फूल-पानांवरून आठवलं. आमच्या गावात दारूबंदीचं मतदान झालं तेव्हा मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. बायकांनी आडवी केली. तेव्हापासून आमची आई कुठल्याही गोष्टीला नाही म्हणायचं असलं की म्हणते, "बाटली आडवी!" परवा माझ्या बाइकचीही झाली. याला सार्वमत म्हणतात हे आज कळलं.

आजोळ : खडूफळा, अजून आहात का? गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावची घोषणा आहे : "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." 'आमचं' आणि 'आम्हीच'. तुमचा मॅडिसन यात अख्खा आला.

रस्सा_वाटी : 'मुंबई-दिल्लीत' अशी ऐकलीय मी.

आजोळ : त्याने काय फरक पडतो?

निरुक्त_नाना : पडतो. 'सरकार'ही फारसीच.

खडूफळा : मंडळी, अंक काल छापायला गेला. वाक्य उडालं. बाईंनी उरलेल्या 'रिपब्लिक'च्या जागी 'गणतंत्र' केलंय.

निरुक्त_नाना : गणतंत्र? ते तर हिंदी!