मदत हवी आहे: लग्नाची जुनी डीव्हीडी संगणकावर अडखळते, हलत्या चित्राला आडव्या रेषा येतात

धागाकर्ता:
नमस्कार मंडळी. २००९ सालच्या लग्नाच्या दोन डीव्हीडी आहेत, स्टुडिओने भरून दिलेल्या. डीव्हीडी प्लेअर आता बंद पडलाय, म्हणून डेस्कटॉपवर लावून बघतोय. यंत्र साधंच आहे: इंटेल आय३, ४ जीबी रॅम, विंडोज १०, आतला साटा डीव्हीडी रायटर, व्हिडिओ बघायला व्हीएलसी ३ हा प्रोग्राम. त्रास असा:

१. माणसं हलली की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतात. स्थिर चित्र नीट दिसतं.
२. पहिल्या डिस्कवर साधारण ४० व्या मिनिटाला चित्र अडकतं, आवाज तुटतो, ड्राइव्हची घरघर वाढते, मग एकदम मंदावते, पुन्हा वाढते.
३. दुसऱ्या डिस्कवर सगळ्यांचे चेहरे रुंद दिसतात.

पहिल्या डिस्कवर ४.२९ जीबी आहेत, एकूण ७८ मिनिटं. व्हीएलसी काढून परत टाकून पाहिलं, फरक नाही. स्वस्तातलं ग्राफिक्स कार्ड घातलं तर सुटेल का?

नवा_गडी:
कोडेक पॅक (व्हिडिओ उलगडणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचा संच) टाकून बघा. आणि डिस्कवर चरे असतील तर टूथपेस्ट हलक्या हाताने चोळा, बऱ्याचदा चालते.

वक्र_भिंग:
कृपया यातलं काहीही करू नका. डीव्हीडीसाठी लागणारा एमपेग-२ या व्हिडिओ साठवायच्या पद्धतीचा डीकोडर व्हीएलसीच्या पोटातच असतो, बाहेरच्या कोडेक पॅककडे तो बघतही नाही. टूथपेस्ट प्लास्टिक घासते. वरवरचा एखादा चरा तिने बुजेलही, पण आतला थर खराब असेल तर तिचा काडीचा उपयोग नाही आणि चांगल्या भागावर नवे ओरखडे उठतात. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिमीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात, माहितीचा थर त्यांच्या मधोमध. घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये तिथे रंगद्रव्याचा थर असतो आणि पंधरा वर्षांत बिघडतो तो हाच.

ग्राफिक्स कार्डही नको. तुमच्या डिस्कचा हिशेब केला तर सरासरी सेकंदाला ८ मेगाबिटच्या आसपास येते. डीव्हीडीची कमाल मर्यादाच १०.०८ मेगाबिट आहे. एवढं आय३ सहज पेलतो. टास्क मॅनेजर उघडून बघा, व्हिडिओ चालू असताना प्रोसेसर ३० टक्क्यांच्या खाली असेल तर त्याला दोष देऊ नका.

दोष डिस्क-ड्राइव्हच्या जोडीत आहे की दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, हे आधी वेगळं करा. बाकी सगळं त्यानंतर. फाइल एक्सप्लोररमध्ये डिस्कवर राइट क्लिक, ओपन, मग व्हिडिओ टीएस हा फोल्डर. त्यात व्हीटीएस ०१ ने सुरू होणाऱ्या व्हीओबी फायली आहेत. शेवटी ० असलेली मेनूची, १ पासून पुढच्या चित्रीकरणाच्या, प्रत्येक जास्तीत जास्त १ जीबीची. एकेक फाइल हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि घड्याळ लावा. ड्राइव्ह ४ एक्स वेगाने, म्हणजे डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या चौपट, वाचत असेल तर १ जीबीला सव्वातीन मिनिटं लागतात. १३ मिनिटांच्या वर गेली तर वेग १ एक्सच्याही खाली आलाय.

मग कॉपी झालेली फाइल हार्ड डिस्कवरूनच चालवा. तरीही रेषा दिसल्या तर त्या रेषांचा ड्राइव्हशी संबंध नाही.

धागाकर्ता:
केलं. पहिली आणि दुसरी फाइल प्रत्येकी साडेतीन मिनिटांत आली. तिसरी निम्म्यात थांबली, दहा मिनिटांनी वाचता येत नाही असा संदेश आला. पहिल्या दोन हार्ड डिस्कवरून अजिबात न अडखळता चालतात, पण आडव्या रेषा तशाच आहेत. प्रोसेसर ८-१० टक्के.

वक्र_भिंग:
म्हणजे दोन वेगळे त्रास एकाच वेळी दिसत होते. रेषांचं सम_विषम सांगतील, त्यांचा तो हातखंडा विषय आहे. अडखळण्याचं मी घेतो.

इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. सोर्स 'सीडीरॉम', क्रमांक ७ अशा नोंदी दिसतात का? ७ म्हणजे डिस्कवरचा तो भाग वाचता आला नाही. ११ दिसला तर कंट्रोलरची चूक, अशा वेळी आधी साटा केबल, म्हणजे ड्राइव्हला मदरबोर्डशी जोडणारी वायर, बदलायची. कॅबिनेटमध्ये ती फार दुमडलेली असते किंवा खोबणीत सैल बसलेली असते.

आता डिस्क हातात घ्या, कडेला आणि मधल्या भोकाला धरून, आणि ट्यूबलाइटखाली तिरकी करा. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. माहिती केंद्रापासून २४ मिमीवर सुरू होते आणि भरलेल्या डिस्कमध्ये ५८ मिमीपर्यंत जाते. तुमचं ४० वं मिनिट म्हणजे अर्ध्याच्या किंचित पुढे, तेव्हा जागा येते केंद्रापासून साधारण साडेचार सेंटिमीटरवर. बाहेरच्या कडेपासून मोजलं तर दीड सेंटिमीटरचा पट्टा. त्या पट्ट्यात बोटांचे ठसे, ढगाळ डाग, रंग फिका पडलेली कड, काही दिसतंय? आणि वरच्या बाजूला कागदी स्टिकर आहे का?

धागाकर्ता:
७ च्या ओळीने नोंदी आहेत, ११ एकही नाही. डिस्कवर वधूवरांच्या फोटोचा गोल कागदी स्टिकर आहे, एका बाजूला फुगलाय. खालच्या बाजूला बाहेरच्या कडेला ठसे, आणि एका ठिकाणी रंग जांभळ्याचा तपकिरी झाल्यासारखा. स्टिकर काढू का?

वक्र_भिंग:
नका काढू. ओढताना डिस्क वाकते आणि दोन चकत्यांचा जोड सुटू शकतो. कागद दमट हवेत ओलावा धरतो, एका बाजूला जड होतो, डिस्क किंचित वाकडी होते. वेगाने फिरली की ती डगमगते आणि लेसरला नेम धरता येत नाही. तुम्ही ऐकता ती वरखाली होणारी घरघर म्हणजे ड्राइव्ह वेग कमी करून तीच जागा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतोय. म्हणून हळू वाचायचं.

आधी ठसे पुसा. मऊ सुती कापड किंवा चष्म्याचं कापड, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मधून बाहेर सरळ रेषेत. गोल गोल कधीच नाही. आडव्या चऱ्यावर त्रुटीदुरुस्ती मात करते, कारण प्रत्येक फेऱ्यात थोडासाच भाग जातो. ट्रॅकच्या दिशेने उठलेला चरा मात्र सलग माहिती खातो.

नंतर इमेजबर्न हा मोफत प्रोग्राम घ्या, रीड मोड, वेग २ एक्स किंवा ४ एक्स. आणि ही डिस्क आता व्हीएलसीमध्ये लावणं पूर्ण थांबवा. जे वाचलं जाईल ते एकदाच, आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) करून.

परदेशी_पाहुणा:
रीजन कोडचा, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालेल ते ठरवणाऱ्या आकड्याचा, प्रश्न नसेल ना?

वक्र_भिंग:
नाही. रीजन जुळला नाही तर डिस्क चालतच नाही, अडखळत नाही. शिवाय स्टुडिओच्या डिस्कवर सहसा रीजनचं बंधन नसतंच. तुमच्याकडे अमेरिकेत घेतलेला ड्राइव्ह असेल आणि भारतातली विकत घेतलेली, रीजन ५ ची डिस्क लावलीत, तर मात्र विंडोज रीजन बदलू का विचारेल. तो फक्त ५ वेळा बदलता येतो, शेवटचा कायमचा. विचार करून दाबा.

सम_विषम:
रेषांबद्दल. तुमचं चित्रीकरण पॅल या टीव्ही पद्धतीचं, ७२० बाय ५७६. सेकंदाला २५ चौकटी, पण प्रत्येक चौकटीत दोन अर्धी चित्रं विणलेली असतात: २८८ विषम रेषा एका क्षणाच्या, २८८ सम रेषा १/५० सेकंदानंतरच्या. जुना डबा टीव्ही ती एकामागून एक काढायचा, म्हणून तिथे काही खटकत नव्हतं. संगणकाचा पडदा दोन्ही एकदम दाखवतो. मधल्या १/५० सेकंदात हात पुढे गेलेला असतो, म्हणून त्याच्या कडेला दात दिसतात. डिस्क खराब नाही, हे रेकॉर्डिंग असंच असतं.

व्हीएलसीमध्ये कंट्रोल आणि पी, मग व्हिडिओ विभाग. डीइंटरलेसिंग (विणलेली अर्धी चित्रं सुटी करणं) 'ऑटोमॅटिक' वर असेल, ते 'ऑन' करा. ऑटोमॅटिक डिस्कवरच्या खुणेवर विसंबतं, आणि ती खूण चुकीची असली की ते गप्प राहतं. मोडमध्ये 'याडिफ २ एक्स' निवडा. त्याने प्रत्येक अर्ध्या चित्राची एक चौकट होते, सेकंदाला ५०, आणि हालचाल टीव्हीसारखी सलग दिसते. तरीही फरक पडला नाही तर इनपुट आणि कोडेक्स विभागात हार्डवेअरच्या मदतीने डीकोडिंग 'डिसेबल' करा.

रुंद चेहऱ्यांचं सोपं आहे: ४:३ मध्ये घेतलेलं चित्रीकरण १६:९ म्हणून नोंदवलंय. व्हिडिओ चालू असताना 'ए' हे बटण दाबत राहा, ४:३ येईपर्यंत.

धागाकर्ता:
चेहरे सरळ झाले, पहिल्या डिस्कच्या रेषाही गेल्या. मनापासून धन्यवाद. पण दुसऱ्या डिस्कवर आता वेगळंच. अक्षता टाकताना हात पुढे जाऊन किंचित मागे येतो, परत पुढे जातो. सगळं थरथरतं.

सम_विषम:
अर्ध्या चित्रांचा क्रम उलटा आहे. डीव्ही कॅसेटवर सम अर्ध आधी येतं, डीव्हीडीवर बहुधा विषम आधी. स्टुडिओत रूपांतर करताना ती खूण चुकली की नंतरचा क्षण आधी दिसतो. खात्री करायची तर अक्षतांच्या जागी थांबवा आणि 'ई' दाबत एकेक चौकट पुढे न्या. हवेतला दाणा खाली, वर, खाली, वर असा उडी मारताना दिसेल.

नुसतं बघायचं असेल तर मोड 'डिस्कार्ड' ठेवा. एक अर्ध पूर्ण टाकून दिलं की क्रमाचा प्रश्नच उरत नाही, फक्त उभा तपशील निम्मा होतो. कायमचं दुरुस्त करायचं तर एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रामच्या याडिफ फिल्टरला पॅरिटी 'बीएफएफ' (सम अर्ध आधी) अशी स्वतः सांगून नवी फाइल करा. मूळ आयएसओ मात्र तसाच ठेवा.

धागाकर्ता:
पहिल्या डिस्कचं: २ एक्सवर इमेजबर्नने पुष्कळ काढलं, पण तिसऱ्या आणि चौथ्या फाइलच्या मधे अडतंय. आत्ता सगळं तिथेच थांबवलंय.

टर्मिनल:
इथून पुढे डीडीरेस्क्यू, खराब डिस्कवरून माहिती काढणारा प्रोग्राम. उबंटू पेनड्राइव्हवरून सुरू करा, इन्स्टॉल करायची गरज नाही, आणि जीडीडीरेस्क्यू हे पॅकेज घ्या. पहिली फेरी डॅश बी २०४८ आणि डॅश एन या पर्यायांनी. डीव्हीडीचा सेक्टर २०४८ बाइटचा असतो, हे माप द्यायला विसरलात तर हार्ड डिस्कचं ५१२ धरून चालतं आणि वाचन विनाकारण रेंगाळतं. ही फेरी चांगला भाग आधी उचलते, अडलेल्या जागी रुतून बसत नाही. दुसरी फेरी डॅश एनऐवजी डॅश डी आणि डॅश आर ३. दोन्ही वेळा मॅप फाइलचं (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) नाव तेच द्या आणि आयएसओ व मॅप दोन्ही हार्ड डिस्कवर ठेवा. पेनड्राइव्हच्या तात्पुरत्या जागेत ठेवलंत तर यंत्र बंद केलं की गेलं.

आता महत्त्वाचं. लग्नाच्या डीव्हीडीच्या प्रती स्टुडिओ सहसा एकापेक्षा जास्त देतो. एखादी माहेरी, एखादी मामांकडे असेल. ती मिळवा. दोन्ही एकाच इमेजवरून लिहिलेल्या असतील, म्हणजे एकूण बाइट तंतोतंत सारखे असतील, तर दुसरी डिस्क घालून तीच आज्ञा, तीच मॅप फाइल आणि डॅश आर १ देऊन चालवा. ती फक्त राहिलेली भोकं वाचते. दोन डिस्क एकाच जागी खराब झालेल्या असणं फार क्वचित. दुसरी प्रत नसेल तर दुसऱ्या ड्राइव्हवर हेच करा, जमल्यास जुन्या पूर्ण आकाराच्या. लॅपटॉपसाठीचा सडपातळ बाहेरचा ड्राइव्ह वापरायचाच झाला तर मागच्या यूएसबी पोर्टला लावा. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, फिरायला सुरुवात करताना ड्राइव्ह त्याहून जास्त मागतो आणि मधेच नाहीसा होतो.

धागाकर्ता:
सासूबाईंकडे प्रत निघाली, स्टिकर नसलेली, मार्करने नाव लिहिलेली. बाइट सारखेच. आमच्या डिस्कच्या दोन फेऱ्यांनंतर ३ एमबीच्या आसपास उरलं होतं, त्यांची घातल्यावर उरलेलं शून्य. आयएसओ व्हीएलसीमध्ये सलग ७८ मिनिटं चालला, एकदाही अडला नाही. आता याची एमपी४ करून डिस्क टाकून देऊ का?

टर्मिनल:
डिस्क ठेवा, आयएसओ तर ठेवाच, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर. मोबाइलवर पाठवायला हँडब्रेकमधून एमपी४ करा, त्यातला डीइंटरलेस फिल्टर चालू करून. टीव्हीच्या पेनड्राइव्हसाठी मेकएमकेव्ही पुरेसा आहे, तो चित्र पुन्हा दाबत नाही, फक्त डबा बदलतो. दुसऱ्या डिस्कचीही आयएसओ आजच काढा, ती अजून वाचतेय तोवर.