बॉय की बूई? जहाजावरच्या इंग्रजीचे उच्चार

मिऱ्याबंदर:
रत्नागिरीतली काही पोरं जी.पी. रेटिंगच्या (व्यापारी जहाजावरच्या खलाशी कोर्सच्या) मुलाखतीची तयारी करतायत. तोंडी परीक्षेसाठी इंग्रजी शब्दांची यादी काढली, तर तिच्यावरूनच जुंपली. पाण्यातला बोया एक जण ‘बॉय’ म्हणतो, दुसरा मोबाईलवर ‘बूई’ ऐकवतो. धक्क्याला कोणी ‘क्वे’ म्हणतं, कोणी ‘की’. शिवाय ‘बोट्सवेन’ (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) आणि ‘गनवेल’ (होडीचा वरचा काठ) आहेतच. जाणकारांनी सांगा, काय घोटून घ्यायचं?

तांडेल:
‘बॉय’ ब्रिटिश, ‘बूई’ अमेरिकन. दोन्ही शब्दकोशात आहेत, भांडण मिटवा. ‘बूई’ म्हटल्यान बोयो काय बुडूचो नाय. मुलाखतीला मात्र ‘बॉय’ ठेवा, आपल्याकडचं सागरी इंग्रजी ब्रिटिश वळणाचं आहे.

बाकीच्यांत सवलत नाही. धक्का म्हणजे ‘की’, किल्लीसारखाच उच्चार, ‘क्वे’ चूक. ‘बोट्सवेन’ नव्हे, ‘बोसन’. ‘गनवेल’ नव्हे, ‘गनल’. जहाज पाण्यात किती बुडालंय ते ‘ड्राफ्ट’, स्पेलिंगमध्ये जी-एच असलं तरी.

खरे फसवे शब्द यादीत नाहीत, ते घाला. बोटीचं पुढचं टोक ‘बाउ’, पण त्याच तीन अक्षरांनी सुरू होणारी गाठ ‘बोलिन’. पाण्याची खोली मोजायची दोरी ‘लेड लाइन’, कारण तिच्या टोकाला शिशाचं वजन असतं. बंदरात शिरताना एका रेषेत धरायचे दिवे मात्र ‘लीडिंग लाइट्स’. नांगर उचलायचं यंत्र साखळी गुंडाळतं म्हणून पोरं ‘वाइंडलस’ म्हणतात; ते ‘विंडलस’.

ओठ_आणि_दात:
तांडेलदादांची यादी बरोबर आहे, पण असले शब्द दोन दिवसांत पाठ होतात. परदेशी कॅप्टनला आपलं बोलणं कळत नाही ते वेगळ्या कारणाने.

एक, आपला ‘व’. इंग्रजीत दोन आहेत, मराठीचा त्यांच्या मधोमध बसतो. ‘व्हेसल’, ‘व्हॉल्व्ह’, ‘व्हिजिबिलिटी’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत. ‘वेस्ट’, ‘विंड’, ‘वेदर’ म्हणताना दात ओठाला लागता कामा नयेत. ओठ ‘ऊ’ म्हणताना होतात तसे गोल करायचे आणि सोडायचे. ‘वेव्ह’ या एकाच शब्दात दोन्ही येतात, सुरुवात गोल ओठांनी, शेवट दातांनी. आरशासमोर तोच घोटा. चूक कानाला कळत नाही, डोळ्यांना लगेच दिसते.

दोन, ‘प’. याकडे कोणाचंच लक्ष नसतं. ‘पोर्ट’च्या सुरुवातीला इंग्रज माणूस हवेचा झोत सोडतो. आपण मराठी ‘प’ लावतो, त्यात झोत नाही, आणि त्याच्या कानाला तो ‘ब’सारखा लागतो. कागदाची पट्टी ओठांपुढे चार बोटांवर धरा. ‘पोर्ट’ म्हणताना ती हलली पाहिजे. पण झोताच्या नादात ओठ उघडे राहिले की ‘फोर्ट’ होतं, तेव्हा आधी ओठ घट्ट मिटा. ‘टग’ आणि ‘कोर्स’ यांनाही हाच नियम. ‘स्पीड’, ‘स्टर्न’ यांना नाही, कारण ‘स’च्या मागून आलं की झोत जातो, तिथे आपला मराठी ‘प’, ‘ट’ चालून जातो.

चॅनल_सोळा:
एक राहिलं. वायरलेसवर आकड्यांना शब्दकोशातला उच्चार चालत नाही. आय.एम.ओ.ने (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने) 2001 साली सागरी संभाषणाची प्रमाण वाक्यं मंजूर केली, त्यात आकड्यांचे उच्चार ठरवून दिलेत: तीनला ‘ट्री’, चारला ‘फोवर’, पाचला ‘फाइफ’, नवाला ‘नाइनर’, हजारला ‘टाउझंड’. म्हणजे ज्या ‘ट्री’वरून शाळेत छडी खाल्ली असती, तोच इथे नियम. खरखरीत ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ सारखेच ऐकू येतात, हे ‘फाइफ’ आणि ‘नाइनर’मागचं कारण.

आकडे सुटे सुटे बोलायचे. 150 म्हणजे ‘वन फाइफ झीरो’, 2.5 म्हणजे ‘टू डेसिमल फाइफ’.

मिऱ्याबंदर:
मग सुकाणूवर उभं असताना 15 अंशाला ‘वन फाइफ’ म्हणायचं का?

चॅनल_सोळा:
नाही, तिथेच पोरं घसरतात. सुकाणूचा कोन सांगताना सरळ ‘फिफ्टीन’, ‘ट्वेंटी’ म्हणायचं. त्याच नियमावलीत हा अपवाद दिलाय. सुकाणू साधारण 35 अंशांपर्यंतच वळतं, त्यामुळे ‘फिफ्टी’शी गोंधळ व्हायचा प्रश्न नाही, असं मला वाटतं. कोर्स, म्हणजे जहाजाची दिशा, मात्र तीन सुट्या आकड्यांत: 082 म्हणजे ‘झीरो एट टू’.

ऑर्डर आली की सुकाणूवाल्याने तीच शब्दशः परत म्हणायची, ‘पोर्ट फिफ्टीन’ (इथे ‘पोर्ट’ म्हणजे डावीकडे), आणि सुकाणू तिथे पोचलं की पुन्हा कळवायचं. नुसतं ‘येस सर’ म्हणू देऊ नका.

ओठ_आणि_दात:
आणि ते ‘पोर्ट’ पट्टी हलवून.