मॉक ड्रिलवरून स्टार्ट ट्रायाजची अचूकता: सिनॉप्सिसमध्ये (थिसिसच्या आराखड्यात) काय चुकतंय?

ईएम_रेसिडेंट
एमडी इमर्जन्सी मेडिसिनच्या थिसिसचा विषय ‘सामूहिक अपघातात स्टार्ट ट्रायाजची अचूकता’. (स्टार्ट म्हणजे एकदम बरेच जखमी आले की चालणं, श्वास, नाडी वगैरे झटपट बघून प्रत्येकाला निकडीप्रमाणे रंगीत टॅग लावायचा तक्ता: लाल तातडीचा, पिवळा थोडा थांबू शकणारा, हिरवा किरकोळ, काळा मृत किंवा न वाचणारा.) मॉक ड्रिलमध्ये ४० मॉक पेशंट, टॅग लावायला १० जण (नर्सेस आणि इंटर्न). बरोबर-चूक मोजून कॅपा (योगायोग वगळून टॅग किती जुळतात त्याचा आकडा) काढणार. गाइडना सॅम्पल साइज पटत नाही. त्यापेक्षा एखाद्या बस अपघाताचे जुने केस पेपर घ्यावेत का?

लालटॅग
सॅम्पल साइज नंतर बघू, आधी विषयाचं नाव बदला. ड्रिलमधलं ‘बरोबर उत्तर’ तुम्ही स्टार्टवरूनच ठरवणार: चालतोय तर हिरवा; श्वास मिनिटाला ३० च्या वर, मनगटाची नाडी नाही किंवा सांगितलेलं करत नाही, तर लाल. म्हणजे माणसांनी तक्ता नीट पाळला का, एवढंच कळेल. तक्ता खरोखरचे गंभीर पेशंट ओळखतो का, हे कळायला पुढे काय झालं ते हवं: तातडीचं ऑपरेशन, व्हेंटिलेटर, मृत्यू. कॅलिफोर्नियातल्या २००२ च्या रेल्वे अपघातावरचा अभ्यास तसा होता. त्यात खरा लाल एकही निसटला नाही, पण ओव्हरट्रायाज (गंभीर नसलेल्याला वरचा टॅग) भरपूर निघालं.

ड्रिलच करणार असाल तर जीव कार्डांत (मॉक पेशंटची लक्षणं लिहिलेल्या) ओता. ‘श्वास ३४’ असं गळ्यात लटकवलं की कुणी छातीकडे बघतही नाही. आकडा मॉक पेशंटच्या खिशात ठेवा. समोरच्याने श्वास मोजायला घेतला तरच त्याने सांगायचा. २८ आणि ३२ अशी काठावरची कार्डं हवीतच. श्वास थांबलेला पण मान मागे करून हनुवटी उचलली की सुरू होणारा पेशंट ठेवा. वायुमार्ग न उघडता थेट काळा टॅग, ही सगळ्यात महागडी चूक इथेच पकडली जाते. पोटात रक्तस्राव असून चालत येणारा स्टार्टप्रमाणे हिरवाच. मनाला पटत नसलं तरी प्रोटोकॉलमध्ये आधीच तसं लिहा, नाहीतर नंतर परीक्षक वाद घालतील. आठ वर्षांखालची मुलं यात मिसळू नका. त्यांना जंपस्टार्ट (स्टार्टचाच लहान मुलांसाठीचा तक्ता), तिथे श्वासाच्या मर्यादा १५ आणि ४५.

आणि हो, प्रत्येकानंतर टॅग काढून घ्या. आधीचा टॅग दिसला की पुढचा तोच लावतो.

आकडेमोड
गाइडचं बरोबर आहे. १० × ४० म्हणजे ४०० टॅग, पण एकाच माणसाचे टॅग एकमेकांसारखे असतात, त्यामुळे ते ४०० स्वतंत्र नोंदींइतके भरत नाहीत. लाल ओळखण्याची सेन्सिटिव्हिटी (खऱ्या लालांपैकी किती पकडले) ८५% धरून ±१०% नेमकेपणा हवा असेल, तर ४९ लाल लागतात. कार्डांत लाल २०% असतील तर एकूण २४५. दर माणशी २० कार्डं आणि आयसीसी (एकाच माणसाचे टॅग एकमेकांसारखे किती, त्याचं माप) ०.०५ धरला तर डिझाइन इफेक्ट (त्यामुळे सॅम्पल किती पट लागतं) १.९५, म्हणजे साधारण ४८०. २४ जण × २० कार्डं, झालं काम.

नुसता कॅपा देऊ नका, खरा रंग आणि लावलेला रंग यांचा पूर्ण ४×४ तक्ता द्या. हिरवा-पिवळा-लाल ही चढण आहे. काळा त्या चढणीवरची पुढची पायरी नाही, म्हणून वेटेड कॅपा (एका पायरीच्या चुकीला कमी दंड देणारा) तिथे फसवतो. ओव्हरट्रायाजचा छेदही लिहा: लाल टॅग मिळालेले सगळे, की खरे लाल नसलेले सगळे? दोन्ही प्रकारे छापतात आणि आकडे पार वेगळे येतात.

केसपेपर_वाचक
जुन्या कागदांच्या नादी लागू नका. श्वासाचा दर बघाल तर ओळीने १८ नाहीतर २०, मोजलेला नसतोच. पेशंट चालत आला का, ते लिहिलेलं नसतं; व्हायटल्स ऑक्सिजन आणि सलाइन लागल्यानंतरचे. जो थेट ऑपरेशन थिएटरमध्ये गेला त्याचा कागद सगळ्यात कोरा, म्हणजे गाळलेले पेशंट नेमके गंभीर. तरी करायचंच ठरलं तर एथिक्स कमिटीकडून संमतीची सूट मागा, आणि एमएलसी (पोलिस केसच्या) नंबरबरोबर अपघाताची तारीख आणि गावही काढून टाका. एकाच बसचे पेशंट तेवढ्यावरून ओळखू येतात.

ईएम_रेसिडेंट
नाव बदलतो, केस पेपर सोडले. पण २४ जण मिळणार नाहीत, फार तर १६. कार्डं वाढवून चालेल?

आकडेमोड
याच गृहीतकांवर १६ जणांना प्रत्येकी ६२ कार्डं द्यावी लागतील. मिनिटाला एक धरलं तरी तासाच्या वर, शेवटची वीस कंटाळून लावलेली असणार. दोन दिवसांत विभागा, प्रत्येकाला क्रम वेगळा द्या. मुळातल्या १० जणांवर तर कितीही कार्डं घेतलीत तरी स्वतंत्र नोंदींच्या हिशेबात सॅम्पल २०० च्या पुढे जातच नाही. शेजारच्या कॉलेजचे इंटर्न मिळतात का बघा.