ऑटिझम असलेला मुलगा, कोर्टातली भेट आणि कस्टडी: काय करू?

चहाबाज७९:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. मुलगा ८ वर्षांचा, ऑटिझम आहे, बोलतो म्हणजे मोजून दहा-बारा शब्द. बायको दीड वर्षापासून माहेरी, केस फॅमिली कोर्टात चालू. मला महिन्यातून दोन शनिवार दोन-दोन तास भेट मिळालीय, ती पण कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत. तिथे दहा पोरं, मोडकी खेळणी आणि वर कुरकुरणारा पंखा. हा आत आला की कान दाबून भिंतीकडे तोंड करून बसतो तो शेवटपर्यंत तसाच. आता तिकडचे वकील म्हणतात बघा, मुलगा बापाकडे जातच नाही. अहो तो पंख्याला घाबरतो, मला नाही! घरी होता तेव्हा रोज रात्री माझ्याच पोटावर पाय टाकून झोपायचा. माझा वकील म्हणतो सरळ पूर्ण कस्टडीच मागा. मागू का?

फोडणीचीपोळी:
दादा राग मानू नका, मी पलीकडच्या बाजूची आहे, लेक माझ्याकडे असते. कस्टडी मागायच्या आधी एवढंच सांगा, त्याची ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं जमावीत म्हणून करतात ती) कुठल्या वारी असते? स्पीचच्या मॅडमचं नाव काय? शॅडो टीचर (शाळेत मुलाच्या मदतीला सोबत बसते ती) महिन्याला किती घेते? माझ्या नवऱ्याला जज मॅडमनी हेच विचारलं आणि तो माझ्याकडे बघायला लागला.

भेटीचं मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. आम्ही नंतर आपसात लिहून घेतलं की भेट थेरपी सेंटरपासून सुरू, तोच तिला तिथून नेणार. आदल्या रात्री कॅलेंडरवर बाबाचा फोटो चिकटवायचा. आणि ताट सोबत जाणार. तिला तेच कप्प्यांचं स्टीलचं ताट लागतं, दुसऱ्यात वरण भाताला टेकलं की जेवण संपलं. पहिले दोन महिने नुसती रडारड, आता शनिवारी सकाळपासून चपला घालून दारात.

गण्या:
आधी वकील बदला राव

काळाकोट_बाई:
मी वकिली करते, पण तुमचे कागद पाहिलेले नाहीत, तेव्हा वरवरचं सांगते. पाच वर्षांखालचं मूल शक्यतो आईकडे हे १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात आहे, तुमचा आठचा म्हणजे तो मुद्दा गेला, पण म्हणून बापाचं पारडं जड होत नाही, मुलाचं हित सगळ्यात वर. कस्टडीचं नंतर बघा. आत्ता भेटीची जागा बदलून मिळावी म्हणून अर्ज टाका, सोबत आवाज सहन होत नाही असा ओटीवाल्यांचा रिपोर्ट जोडा. अंतरिम आदेश बदलून मिळू शकतो. कोर्टाच्या समुपदेशकांनी मुलाला एकदा शांत जागी तुमच्यासोबत बघावं, अशी विनंतीही त्यातच करा.

जुनाबाप:
माझा २१ चा आहे. सगळे आठव्या वर्षाचं भांडतात, अठराव्याचं कुणी बोलत नाही. १८ पूर्ण झाली की कस्टडीचा आदेश संपला, मग १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या लोकल लेव्हल कमिटीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. तडजोड झालीच तर त्यात "१८ वर्षांपर्यंत खर्च देईन" असलं वाक्य दोघांनीही घालू नका. स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या मुलाची पोटगी १८ नंतरही लागू राहते, पूर्वीचं सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १२५, आता त्या जागी आलेल्या बीएनएसएस कायद्याचं १४४. यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) कुणाकडे राहणार, निरामय विमा (नॅशनल ट्रस्टचा आरोग्य विमा, १ लाखाचा, थेरपीची बिलंही बसतात) दरवर्षी रिन्यू कोण करणार हे पण लिहून ठेवा. आमचा भांडणात दोन वर्षं लॅप्स झाला होता, मी म्हणायचो तिने करायचा होता, ती म्हणायची मी.

चहाबाज७९:
@फोडणीचीपोळी, झोंबलं, पण खरं आहे. नाव माहीत नव्हतं. काल रात्री बायकोला मेसेज टाकला, ओटी कधी असते. दीड वर्षात पहिल्यांदा लगेच निळी टिक. "मंगळ शुक्र ४.३०. का?" एवढंच. अजून उत्तर दिलेलं नाही, काय लिहू सुचत नाहीये. कस्टडीचा अर्ज थांबवलाय, सोमवारी वकिलाला जागा बदलायचा अर्ज करायला सांगतो.