मे महिन्यातला व्हाळ (ओढा) बघा, मग म्हणा तोडलेलं रान दुष्काळात टिकतं

व्हाळाकाठची:
काल इथे एकाने लिहिलं, 'सावंतवाडी-दोडामार्गातली तोडबंदी उठवा. कोकणातलं रान तोडलं तरी दोन पावसाळ्यांत हिरवं होतं, २०२३चा कोरडा ऑगस्टसुद्धा पचवला त्याने.' रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय.

हिरवं दिसलं म्हणजे रान सावरलं? आमच्या वाडीच्या वर दोन उतार आहेत. एकावर देवराई, दुसरा बारा वर्षांपूर्वी तोडलेला. श्रावणात दोन्ही सारखेच हिरवे. एप्रिलात भर दुपारी जा. देवराईत पातेऱ्यात, म्हणजे पडलेल्या पानांच्या थरात, हात घातलात तर बोटांना ओल लागते. पलीकडे चांदाड्याच्या झाडाची ताटाएवढी पानं देठातून लोंबत असतात आणि पातेरा पायाखाली पापडासारखा मोडतो. वरचं छत गेलं की ऊन आणि वारा थेट जमिनीला भिडतात. मोकळ्या जागेत भराभर उंच होणाऱ्या झाडांचं लाकूड हलकं, पाण्याचा ताण बसला की माना आधी तीच टाकतात. देवराईखालचा व्हाळ मेअखेरपर्यंत झुळझुळतो. दुसरा मार्चात आटतो. गुरं कुठे न्यायची ते तोडबंदी उठवणाऱ्यांनी सांगावं.

ऐन_किंजळ:
ताई, एका उतारावरून अख्ख्या कोकणाचा निकाल लावू नका. आमच्या घरात तीन पिढ्या लाकडाची तोड आहे. आजोबा ऐन, किंजळ ही झाडं तोडायचे ती खुंट राखून. वर फूट नवी, पण खाली मुळं जुनी, खोल गेलेली. रोपाला ती धरायलाच वर्षं जातात, फुटव्याला आयती मिळतात. २०१५ला पावसाने दगा दिला, आमचा एकही खुंट मेला नाही. आणि दुष्काळात थोराड झाडंच जास्त मरतात, हे जगभरच्या जंगलांच्या नोंदींवरून सिद्ध झालंय. तुम्ही मात्र लाकूडवाला दिसला की दरोडेखोर दिसल्यासारखं बोलता. माझ्या मुलीचं शिक्षण त्याच लाकडावर झालं.

कातळसडा:
थोराड झाडं मरतात हे खरं. पण ती आपण आधीच तोडून टाकली तर खालच्यांना सावली कोण देणार? बोर्निओ बेटावर १९९७-९८च्या एल निनोच्या दुष्काळात काय झालं? तिथल्या एकट्या पूर्व कालिमंतान प्रांतात ५२ लाख हेक्टर जळालं, त्यातलं २६ लाख हेक्टर जंगल. तोडलेल्या जंगलाचं नुकसान न तोडलेल्यापेक्षा कितीतरी जास्त. तोडीनंतर पडलेल्या फांद्या वाळून सरपण होतात आणि ठिणगीची वाट बघतात.

ऐन_किंजळ:
बोर्निओतल्या बारमाही हिरव्या जंगलाचा दाखला पानगळीच्या ऐनाला कशाला? ऐनाचं झाड उन्हाळ्यात पानं गाळतं, तीच त्याची तजवीज.

काजूवाला_८०:
वणव्याचा विषय निघालाच आहे तर आधी ह्या सांगा, वणवो लावता कोण? माझी वेंगुर्ला ४ जातीच्या काजूची ऐंशी कलमां एका दुपारीत गेली. आठ वर्षं पोराबाळांसारखी वाढवली होती. पंचनाम्याला गेलो तर 'खासगी जमीन, आमचं काम नाही' म्हणाले. गणपतीला चार दिवस येणारे चाकरमानी मुंबईतून फोन करतात, 'गवत जाळून टाक रे'. त्यांची जमीन साफ, माझी राख!

मुंबईत_पण_गावचा:
तोंड सांभाळून बोला. गावात राहणारेच भाजावळ करून, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जमिनीवर जाळून, आग तशीच सोडून जातात. मी स्वतः शिमग्याला येऊन ओल्या फांद्यांनी आग विझवलीय, हाताला फोड आलेत. तेव्हा तुमच्यातलं कोण आलं होतं?

काजूवाला_८०:
भाजावळीला नावं ठेवू नका, भाताच्या तरव्याला राब लागतो. मी बांधावर पाण्याची कळशी ठेवून बसतो. सगळ्यांना एका मापात का मोजता?

कातळसडा:
दोघंही थांबा. भाजावळीची आग देवराईच्या कडेला येऊन विझते, तोडलेल्या रानात मात्र वर चढते. मूळ प्रश्न हाच आहे.

मुंबईत_पण_गावचा:
मूळ प्रश्न तुमचा. मला आधी 'राख' शब्दाचं उत्तर हवंय.

व्हाळाकाठची:
ऐन_किंजळ, खुंट राखून केलेल्या तोडीत ऐन-किंजळ टिकतात हे मी मान्य करते. मला ते आवडत नाही, पण खरं आहे. आता तुम्हीही मान्य करा की आजोबांसारखी तोड आज कोण करतंय? आमच्या उतारावर जेसीबीने खुंट मुळासकट उपटले. मग फुटवा कशाला फुटणार? आणि ओलीत राहणाऱ्या झाडांचं काय? दोडामार्गातल्या हेवाळे-बांबर्डेच्या रानटी जायफळाची मुळं पाणथळीतच श्वास घेतात. तिथला एक पावसाळा हुकला आणि वरची सावली गेली, तर कुठली जुनी मुळं वाचवणार?

ऐन_किंजळ:
जेसीबीचं समर्थन मी कधी केलं नाही, करणारही नाही. खुंट उपटणाऱ्याला आमचे आजोबा अंगणात उभं करायचे नाहीत. पाणथळीतल्या झाडाला हात लावू नये, हेही धरा. पण सरसकट बंदी चुकीचीच, त्यावरून मी हटत नाही. आमच्या तोडीच्या रानाखालीही व्हाळ आहे. मी मेमध्ये तिथे पाणी बघितलंय.

व्हाळाकाठची:
मग दहा मेला येते. दोन्ही व्हाळ एकाच दिवशी बघू. सकाळी तुमचा, दुपारी माझा.

ऐन_किंजळ:
या. पायात बूट घालून या, फुरसं असतं, विषारी साप आहे तो.

काजूवाला_८०:
मी पण येतंय. वाटेत माझी जळलेली बाग लागता, ती बघल्याशिवाय कोणाक पुढे सोडूचंय नाय.