मदत हवी आहे: टेबलमध्ये टाकलेला फॅट दुसऱ्याच सभासदाच्या ओळीत जातो

कृष्णाकाठ:
गावच्या दूध संकलन केंद्रासाठी ब्राउझरवर एन्ट्रीचं टेबल केलंय. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) त्या त्या सेलमध्येच टाईप करायचं. आज सकाळी ४२ नंबरच्या सभासदाचा ४.१ फॅट १७ नंबरला लागला. पावती हातात पडल्यावर ४२ नंबरवाल्या आजींनीच दाखवलं. परवा दहा दिवसांचं बिल निघायचंय. टायमर लावून फोकस परत आणून बघितला, फरक नाही. माहीत असेल त्याने लवकर सांगा.

टिपकागद:
कशात लिहिलंय? तयार ग्रिड आहे की हाताने केलेलं?

कृष्णाकाठ:
रिअ‍ॅक्ट. जावास्क्रिप्टची ती लायब्ररी. हातानेच केलंय. कोड साधा आहे हो, मॅप करून ओळी काढतो.

जुनीफाईल:
फॉक्सप्रोमध्ये, म्हणजे जुन्या डेटाबेस प्रोग्राममध्ये, ब्राउज म्हटलं की सगळं टेबल समोर. सेलमध्ये टाईप करा, पुढे चला. मी कित्येक वर्षं दुधाची बिलं त्यावर काढली. एवढ्याशा कामाला ब्राउझर कशाला?

मीठमिरची:
काका, त्याच ब्राउजमध्ये चुकून दाबलेली कळसुद्धा फायलीत जायची. माझं मत विचाराल तर टेबलात एडिट देऊच नये. ओळीवर क्लिक करा, फॉर्म उघडू दे, सेव्ह करा.

टिपकागद:
ताई, किटल्या घेऊन रांग उभी असते. प्रत्येकाला फॉर्म उघडायचा आणि मिटायचा? तीन आकड्यांसाठी टेबलच बरं.

वासरूपाडस:
गाईला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला काय दर देता तुमच्याकडे? आमच्याकडे एसएनएफ एक पॉइंट खाली आला की कापाकापी सुरू.

लेखणीवाला:
सभासदांची नावं जुन्या फॉन्टात असतील तर आधी युनिकोडमध्ये आणा. पुढे शोधताना फार त्रास होतो.

कृष्णाकाठ:
नावं युनिकोडमध्येच आहेत. दराचा धागा वेगळा काढा ना. माझा आकडा चुकीच्या माणसाला लागतोय, त्याचं बोला.

टिपकागद:
एन्ट्री चालू असताना यादी बदलते का? भरणारे किती जण?

कृष्णाकाठ:
दोन काउंटर, गाय आणि म्हैस. आधी वजन पडतं तेव्हा ओळ तयार होते, फॅट मशीनवर आला की भरतो. नवीन ओळ सगळ्यात वर येते. यादी दर पाच सेकंदांनी सर्व्हरवरून ताजी होते. हे सांगायचं राहिलं.

टिपकागद:
मग दुखणं तिथेच आहे. ओळीला ‘की’ (key, ओळ ओळखायची खूण) म्हणून इंडेक्स, म्हणजे वरून कितवी ओळ तो आकडा, दिला असणार. तुम्ही सहाव्या ओळीत ४.१ टाईप करताय, तेवढ्यात म्हशीच्या काउंटरवर नवीन ओळ पडली. सगळे एक घर खाली सरकले. पण रिअ‍ॅक्टच्या लेखी सहावी ओळ ती सहावीच, म्हणून कर्सर आणि अर्धवट आकडा तिथेच राहिला, खालचा माणूस बदलला. की म्हणून एन्ट्रीचा आयडी द्या. तो सभासद नंबर नको, एकाच सभासदाचं गाय आणि म्हैस दोन्ही दूध येऊ शकतं. आणि कोणी सेलमध्ये असेल तोवर नवीन ओळी वर घुसवू नका. ‘३ नवीन’ एवढंच दाखवा, सेल सोडला की आणा. की बदलली तरी हे करा. ओळ नजरेखालून सरकली की माणूस चुकतोच.

मीठमिरची:
की बदलून निम्मंच काम होईल. दोघांनी एकच ओळ उघडली तर नंतरचा आधीच्याचं पुसेल. ओळीला आवृत्ती क्रमांक ठेवा, जुळला नाही तर सर्व्हरने नाकारावं. आणि सेव्ह ओळीचं करा. फॅट गेला, एसएनएफ जायचाय, अशा अर्ध्या ओळीवर दर लागला तर पावती चुकणारच.

टिपकागद:
ओळीचं सेव्ह, हे पटलं. आकड्याच्या सेलला नंबर टाईप असेल तर तोही काढा. फोकस असताना माउसचं चाक फिरलं की काही ब्राउझरांत आकडा हलतो. साधा टेक्स्ट ठेवा, मोबाईलवर दशांशाचा कीपॅड येईल असा इनपुटमोड द्या. मराठी कीबोर्डवरून ‘४.१’ आलं तर पार्सफ्लोटला (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) ते कळत नाही, नॅन म्हणजे ‘आकडा नाही’ असं मिळतं. ते दहा मराठी अंक आधी इंग्रजी अंकांत बदलून घ्या.

जुनीफाईल:
४१ टाईप झालं तर? टिंब राहून जातं, हे मी फार पाहिलंय. अडवू नका, रांग थांबते. सेल लाल करा आणि पावती तेवढी रोखा.

कृष्णाकाठ:
काका, हे फार कामाचं सांगितलंत. की इंडेक्सच होती. आयडी दिला, दोन खिडक्या उघडून एकीत ओळी टाकत राहिलो, दुसरीत अर्धवट ४.१ आपल्याच माणसाजवळ राहिला. नवीन ओळी थांबवायचं आज रात्री करतो. एंटर दाबल्यावर खाली जावं की उजवीकडे? एक्सेलमध्ये खाली जातं.

मीठमिरची:
एक्सेलसारखंच ठेवा, हाताला सवय असते.

टिपकागद:
इथे नको. एकाच माणसाचे फॅट आणि एसएनएफ पाठोपाठ येतात, म्हणून उजवीकडे. एसएनएफवर एंटर म्हणजे ओळ सेव्ह आणि फॅट रिकामा असलेली पुढची ओळ. एस्केप दाबलं की जुना आकडा परत. उद्या सकाळी भरणाऱ्याच्या शेजारी बसा, त्याचा हात आपोआप कुठे जातो ते बघा.

कृष्णाकाठ:
साडेपाचला जातो. १७ आणि ४२ च्या पावत्या आधी दुरुस्त करून देतो.